गोळी विरघळेपर्यंत

आमच्या घरात वाक्य एक जण सुरू करतो आणि दुसराच संपवतो. त्यात आईचा हात धरणारं कोणी नाही. तुम्ही 'आज मी' एवढं म्हणायचा अवकाश, 'उशिरा येणार, माहीत आहे' म्हणून ती मोकळी!

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचे शब्द एकेक करून, दमत दमत यायला लागले. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांना बोलायला थोडा वेळ..."

"लागणारच हो," आई म्हणाली. 'द्या' हा शब्द बाईंच्या तोंडातच राहिला.

बाबांचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान घरासमोरच. खिडकीतून त्या बंद शटरकडे बोट दाखवून ते रोज म्हणायचे, "दुकान..."

"बंद नाही पडू देणार!" आई.

"मी बघतो ना, बाबा," दादा.

"गिऱ्हाइकं तुमचीच वाट बघतायत," मी.

बाबा लालबुंद व्हायचे, चांगला हात मांडीवर आपटायचे. आम्ही एकमेकांना म्हणायचो, बघा, केवढा जीव अडकलाय दुकानात! शेवटी दादाने ठरवलं, नोकरी सोडून दुकान चालवायचं. तो पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे आणि पूल म्हणजे त्याचा जीव की प्राण. सोमवारी राजीनामा द्यायचा होता. तोंड एवढंसं करून हिंडत होता, पण बापाच्या इच्छेपुढे बोलणार काय?

बोलली ती वहिनी. आता वहिनी म्हणजे काही मौनव्रती नव्हे. ती बोलायला लागली की धाप ऐकणाऱ्याला लागते. नोकरी मात्र फोनवर लोकांच्या फ्रिजच्या तक्रारी ऐकून घेण्याची. सुरुवातीला मध्येमध्ये बोलून तिने इतकी माणसं भडकवली, की नोकरी जायची वेळ आली. तेव्हा तिनेच उपाय शोधला. फोन वाजला की गालात लिंबाची गोळी, आणि ती विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मला या बाईचं भारी कौतुक वाटतं. आपली खोड कळणारे पुष्कळ असतात, हिने खोडीला गोळी चारली.

"दुकानात बसायचंच तर मीही बसेन तुझ्याबरोबर," रविवारी ती दादाला म्हणाली, "पण बाबांच्या तोंडून ऐकून."

तिने टीव्ही बंद केला. खडखडणारा पंखा बंद केला. सगळ्यांचे फोन काढून घेऊन कपाटात कोंबले. मग गोळ्यांची बरणी आणली.

"अगं, पण..." आई म्हणाली.

"आई, आ करा." आणि आईच्या तोंडात गोळी गेलीसुद्धा.

बाबांपुढे स्टूल ओढून, त्यांच्या नजरेला नजर येईल अशी ती बसली. "बाबा, दुकानाचं काय?" एवढंच विचारलं आणि स्वतःही गोळी तोंडात टाकली.

"दुकान..." बाबा म्हणाले आणि सवयीने थांबले. कोणीच झडप घातली नाही. त्यांनी चकित होऊन एकेकाकडे पाहिलं. आमचे सगळ्यांचे गाल फुगलेले.

"मला... कधीच..."

'सोडवणार नाही!' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गोळी आडवी आली म्हणून वाचले. बाबांच्या कपाळावर घाम आला. वहिनी हलली नाही, की मान डोलावून घाई केली नाही.

"...आवडलं... नाही."

दादाच्या तोंडात गोळी कडकन फुटली.

"माझ्या... बाबांनी... बसवलं. तू... नको... बसू." त्यांनी श्वास घेतला. "पूल... बांध."

दादा त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. इतके दिवस हा माणूस मुलाला सोडवायला धडपडत होता आणि आम्ही त्याचीच समजूत घालत होतो. वहिनीचे डोळे भरले होते, तरी ती तिथेच, तशीच बसली होती. त्यांचं संपलंय असं तिने धरलंच नव्हतं.

आई मात्र थक्क झाली होती. तिने जन्मभर त्या दुकानात जेवणाचा डबा पोचवला होता. आता बोलायला तोंड उघडणार, तोच बाबांनी बोट वर केलं.

"तुला... पण... एक... सांगायचंय."

आईची गोळी संपली होती. तिने मुकाट्याने वहिनीपुढे हात पसरला.