पावती कुटुंबप्रमुखाला

चर्चमध्ये दानाची थैली फिरायची, तोवर शिलाईवालीचं बरं चाललं होतं. मूठ आत जायची, रिकामी बाहेर यायची. या हाताचं त्या हाताला कळत नसे, मग नवऱ्याला कुठलं कळायला! लेकीने बापाच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून शिलाईवालीचा नवरा, कुलूपवाला, घरात लेकीचं नाव काढू देत नव्हता. आई मात्र दर रविवारी शिलाईच्या पैशांतली एक नोट लेकीच्या सुखासाठी थैलीत सोडायची.

मग थैली गेली आणि चर्चच्या दाराशी दान घेणारं मशीन आलं. नेमका त्याच आठवड्यात लेकीचा चोरून फोन आला, की ती बाळंत झाली, सगळं सुखरूप आहे. आता आजी झाल्यावर देवाचे आभार मानायचे नाहीत, तर कधी मानायचे? तिने खजिनदाराच्या हातात नोट ठेवून पाहिली. रोख बंद, म्हणाला. पण भला माणूस. तिच्या पिशवीतलं किराण्यासाठीचं बँकेचं कार्ड मशीनला कसं लावायचं ते त्याने शिकवलं. दान कशासाठी, असं मशीनने विचारलं: आजार, परीक्षा, प्रवास, जन्म. देवाच्या दारात खोटं कसं बोलायचं? तिने 'जन्म' दाबलं आणि पन्नास भरले.

पावती कारणासकट कुटुंबप्रमुखाच्या फोनवर जाते, हे त्या भल्या माणसाने नंतर सांगितलं. झाली का पंचाईत!

कुलूपवाला तिसऱ्या बाकावर बसला होता. त्याने फोन काढला, चष्मा चढवला, वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन खिशात ठेवला. तिला वाटलं, आता हा आपला फोन काढून घेणार, मग लेकीचा आवाजही कानावर पडायचा नाही. त्या दिवशीचा उपदेश कशावर होता, ते तिला शपथेवर सांगता आलं नसतं.

उपासना सुटली. धंद्याला जागून याने तोंडालाही कुलूप घातलेलं. हा पुढे, ती मागे. फाटकाशी तो थांबला.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "आईवर गेलीय म्हणे."

बराच वेळ तो फाटकाची कडी खालीवर करत राहिला. मग चिडूनच म्हणाला, "नात झाली आणि पन्नास दिलेस?"

ती काही सांगणार, पण तो ऐकायला होता कुठे! तरातरा परत दाराशी गेला, मशीनसमोर उभा राहिला आणि चष्मा शोधू लागला.

"ये इकडे," त्याने हाक मारली. "कुठलं दाबलंस, ते दाखव."