मऊ भाताच्या कुरडया

रुक्मिणीबाईंची अट अगदी सोपी होती, म्हणूनच ती मोडायला वाव नव्हता.

"नोकरी कर. मी कोण नाही म्हणणारी? अनूला मी सांभाळीन. पण दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवते. साडेदहाला माझं जेवण झालं, शेगडी विझली, की मी ती पुन्हा पेटवणार नाही. गुडघे ऐकत नाहीत. आणि सकाळचं शिजवलेलं दुपारी नातीच्या तोंडात घालणार नाही. शिळं खाऊन वाढायला ती काय रस्त्यावर पडली आहे?"

कुंदाने पदर खोचला आणि ती विचार करू लागली. ती सकाळी नवाला निघणार, संध्याकाळी सहाला परतणार. अनूला दीड वर्ष झालेलं. एकला तिला भूक लागते, चारला पुन्हा लागते. ताजं मिळणार नाही, शिळं चालणार नाही. याच्या अधेमध्ये जगात काहीच नसतं, अशी सासूबाईंची खात्री होती. तिथेच आपल्याला जायचं आहे, असं कुंदाने ठरवलं.

मुलुंड पूर्वेला, मिठागरांकडे तोंड करून उभी असलेली तीन मजली इमारत. साल एकोणीसशे पंचावन्न. भांडुपच्या एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्टची जागा, दोन मेपासून. लग्नाआधी शिकलेलं टायपिंग चार वर्षं बोटांतच पडून राहिलं होतं. ही जागा गेली तर दुसरी येईलच असं नव्हतं. आली तरी अट हीच असती.

हातात एकवीस दिवस होते.

मार्तंड, तिचा नवरा, कॉलरचं बटण लावत म्हणाला, "ते डब्यातलं विलायती पीठ मिळतं ना, फोर्टात? गरम पाणी घातलं की झालं."

"अहो, किंमत माहीत आहे का?"

"नाही."

"मग आज येताना विचारून या."

तो विचारून आला. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

कृती पहिली.

सातूचं पीठ. गहू ओलवून, कांडून, वाळवून खमंग भाजावेत. निम्मं डाळं घालावं. जिरं. वेलदोडा असल्यास, नसल्यास बोलू नये. जात्यावर बारीक दळावं. दुधात गूळ विरघळवून त्यात कालवावं.

पहिल्या दिवशी अनूने वाटी चाटून घेतली. दुसऱ्या दिवशी तिचं पोट नगाऱ्यासारखं झालं. रुक्मिणीबाईंनी बेंबीभोवती हिंग लावला. लावताना त्या नातीशीच बोलल्या. "तुझ्या आईला इथून भांडुप दिसतं गं बाई. तुझं पोट नाही दिसत."

कृती दुसरी.

नाचणीचं सत्त्व. नाचणी भिजवावी, वाटावी, फडक्यातून गाळावी, निवळू द्यावी, वरचं पाणी ओतावं, खालचं वाळवावं, चाळावं. याला चार दिवस लागतात. चार दिवसांनी फ्लास्कमधलं गरम पाणी घालून ढवळावं, आणि वर गुठळ्या, आत कच्चं पीठ बघत बसावं. कारण सत्त्व शिजवावं लागतं. शिजवायला शेगडी लागते. आणि शेगडी साडेदहाला

"विझते," रुक्मिणीबाई जपमाळ न थांबवता म्हणाल्या.

कृती तिसरी. लाह्यांचं पीठ. अनूने थुंकलं.

अनूला मऊ भात हवा होता. मुगाची डाळ घातलेला, तुपाचा थेंब टाकलेला, बोटांनी कुस्करलेला मऊ भात. बाकी सगळं तिच्या मते जमिनीला भरवायचं होतं. बारा दिवस उरले.

तेवढ्यात इमारतीत वाळवणं सुरू झाली.

हे रुक्मिणीबाईंचं राज्य. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, वाटून चीक काढायचा, पाण्यात शिजवायचा, सोऱ्यातून गच्चीवर कापडावर पाडायचा. शेजारणी चिकाचं पातेलं घेऊन त्यांच्यापुढे यायच्या, आणि त्या नुसता वास घेऊन सांगायच्या, "अजून दोन वाफा." त्यांच्या कुरडया तळल्या की ताटाबाहेर फुलत. मागच्या वर्षीचा पत्र्याचा डबा अजून निम्मा होता. पाहुणे आले की त्या तो उघडत, आणि "गेल्या वैशाखातल्या आहेत हो!" हे वाक्य कुरडयांच्या आधी पानात पडे.

कुंदा गच्चीवर सोऱ्या फिरवत होती. अनू कापडाच्या कडेला बसली होती. तिने आदल्या दिवशीचा, वाळून मोडलेला कुरडईचा तुकडा उचलून तोंडात घातला.

"काढ ते!" कुंदा धावली. बोट घातलं. तुकडा बाहेर आला तो मऊ. कडकडीत, तारेसारखा तुकडा, आणि अर्ध्या मिनिटात मऊ.

कुंदाने त्या तुकड्याकडे पाहिलं. मग गच्चीभर पसरलेल्या कुरडयांकडे. मग सासूकडे. त्या पलीकडे वरच्या मजल्यावरच्या पद्मजाच्या पापडांना नावं ठेवत होत्या.

शिजवलेलं. पाण्यात शिजवलेलं. वर्षभर ठेवलेलं. आणि कुणी म्हणतं का शिळं?

कृती चौथी, जी फसली नाही.

तांदूळ चाळताना चाळणीखाली ज्या कण्या पडतात त्या घ्याव्यात. एरवी त्या चिमण्यांना जातात, चिमण्यांनी आठवडाभर सोसावं. मुगाच्या डाळीची चुरी घ्यावी, डब्याच्या तळाशी असते. कण्या तीन वाट्या, चुरी एक. धुवून चांगलं सहापट पाणी घालावं. जिरं भाजून पूड. चिमूटभर हळद. मीठ बेताचं, कारण वाळलं की खारटपणा वाढतो. गिरगट होईपर्यंत शिजवावं, इतकं की पळी उभी राहिली पाहिजे. मग घोटावं. मग पुन्हा घोटावं. हात दुखला तर भांडुप आठवावं. सोऱ्याला शेवेची सगळ्यात बारीक ताटली लावावी आणि गच्चीवर

"कुंदा, या पिवळ्या गं कशाने?"

"हळद घातली, आई."

"कुरडईत हळद?" रुक्मिणीबाई सोवळ्यातच वर आल्या होत्या. वाकल्या, एक वेटोळं चिमटीत धरून उचललं, उन्हाकडे धरलं. "तांदळाच्या केल्यास वाटतं. तार बरी आली आहे. पण पातळ पाडल्यास. संध्याकाळी उलटायला हव्यात."

कुंदाने "हो" म्हटलं. त्या विचारत्या, तर तिने सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

दोन दिवस रुक्मिणीबाई काठी घेऊन गच्चीवर बसल्या. कावळे हाकलले. संध्याकाळी आपल्या हाताने एकेक वेटोळं उलटलं. "शिकतेय पोरगी," असं पद्मजाला म्हणाल्या. पद्मजा कुंदाच्याच वयाची. तिने सगळं पाहिलं होतं, आणि ती तोंडात पदर कोंबून जिना उतरली.

वाळल्यावर कुंदाने ते खलबत्त्यात जाडसर कुटलं. डब्यात भरलं. एक मूठ वाटीत घेतली, फ्लास्कचं गरम पाणी घातलं, वर ताटली झाकली. पंधरा मिनिटं ती ताटलीसमोर बसून राहिली. ताटली उचलली.

मऊ भात!

थोडा खरखरीत, थोडा उन्हाच्या वासाचा, पण मऊ भात. अनूने पहिला घास घेतला, भुवया वर केल्या, दुसऱ्यासाठी तोंड उघडलं.

"काय भरवतेयस?" रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. शनिवार होता, टळटळीत दुपार, शेगडी केव्हाच थंड.

"मऊ भात."

"कधी केलास?"

"मंगळवारी."

रुक्मिणीबाईंनी वाटी पाहिली. डबा पाहिला. डब्यातला पिवळा चुरा पाहिला, आणि मंगळवारची गच्ची त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली असावी. कारण त्या आपल्या हातांकडे पाहू लागल्या.

"म्हणजे तो भात होता? मी सोवळ्यात भात उलटला? चार दिवसांचं शिळं माझ्या नातीला—"

"शिळं नाही. वाळवण आहे."

"भात आहे तो!"

"होता. वाळला."

"भात वाळला तरी भातच!"

"मग चीक?" कुंदा उठून उभी राहिली.   "चीक पाण्यातच शिजवता ना? वाळवून वर्षभर डब्यात ठेवता. पाहुण्यांच्या पानात वाढता. देवाच्या नैवेद्यालासुद्धा. गेल्या वैशाखातल्या आहेत म्हणून वर सांगता. ती कुरडई शिळी का नाही?"

"ती कुरडई आहे."

"हीही कुरडईच आहे."

"आजी," जिन्यावरून पद्मजा म्हणाली, "दोन दिवस कावळे तुम्हीच हाकलत होता की हो!"

"तू घरी जा गं! तुझे पापड आधी सपाट कर, मग बोल."

रुक्मिणीबाई आत गेल्या आणि भर दुपारी पुन्हा डोक्यावरून आंघोळ करून आल्या. केस निथळत होते. पाटावर बसल्या. युक्तिवादात हरलं म्हणजे हरलं, असं त्या मानत नसत.

"मी भरवणार नाही," त्या म्हणाल्या.

"भरवू नका. पाणी घालून झाकण ठेवा. तिला हात आहेत."

"आणि नाही घातलं पाणी तर?"

हा प्रश्न येणार हे कुंदाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचं उत्तर तिने कधीच तयार केलं नव्हतं. ते आपोआप आलं.

"तर ती उपाशी राहील. तुमच्यासमोर, तुमच्या घरात. मी सोमवारी जाणारच."

मार्तंड वर्तमानपत्रामागे होता. त्याने पान उलटलं.

सोमवार. कुंदाने डबा, फ्लास्क, वाटी, ताटली एका ओळीत मांडली. अनूचा पापा घेतला. जिना उतरताना वरून रडं ऐकू आलं. ती थांबली नाही. थांबली असती, तर मंगळवारीही थांबली असती.

ऑफिसात अकरा पत्रं टाइप केली. मुख्य कारकुनाने वर न पाहता "ठीक" म्हटलं. एक वाजता तिची बोटं एका अक्षरावर थांबली. टेबलापलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, मशीन अडकलं का?" "नाही," ती म्हणाली, आणि ते अक्षर दाबलं. चार वाजता तिने घड्याळाकडे पाठ केली.

सहाला ती जिना चढली. पहिल्या मजल्यावरच वास आला. तुपाचा. गरम भाताचा. आत्ताच्या भाताचा.

रुक्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय लांब सोडलेले, गुडघ्यांवर तेल चोपडलेलं, बोटांना कोळसा. अनू त्यांच्या मांडीशी झारा वाजवत होती. कुंदाचा डबा होता तिथेच होता. झाकणसुद्धा सरकलेलं नव्हतं.

"एकला पेटवली," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "चारला परत पेटवली."

"तुम्ही? शेगडी?"

"माझी नात ताजं जेवली."

"गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. त्यांचं मी बघेन."

कुंदा दारातच उभी राहिली. येताना सारा रस्ता तिने भांडणाची तयारी केली होती, आणि समोर बसलेल्या बाईने आपलीच अट आपल्याच हाताने मोडून टाकली होती, केवळ सुनेचं खरं होऊ नये म्हणून. हसावं की नमस्कार करावा हे तिला कळेना. तिने चपला काढल्या.

"उद्या?" तिने विचारलं.

"उद्याही पेटवीन."

"पेटवा."

"परवाही."

"परवाही पेटवा, आई. मी नवाला निघते."

मग तिला जाणवलं, आपल्याला कडकडून भूक लागली आहे. तिने हातपाय धुतले. डबा उघडला, दोन मुठी वाटीत घातल्या, फ्लास्कचं पाणी ओतलं. सकाळचं, पण अजून वाफाळतं. ताटली झाकली आणि सासूसमोरच, जमिनीवर, पाटसुद्धा न घेता बसली. पंधरा मिनिटं अनूचा झारा तेवढा वाजत राहिला. मग तिने ताटली उचलली आणि खायला लागली.

अनूने झारा टाकला. चारलाच जेवलेली ती, आजीची मांडी सोडून दुडुदुडु आली, आईच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि वाटीत डोकावली.

"देऊ नकोस तिला," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "शिळं आहे ते."

कुरडईचा मुद्दा कुंदाच्या जिभेच्या टोकावर होता. चिकाचा, नैवेद्याचा, गेल्या वैशाखाचा. तिने तो गिळून टाकला. तिला त्याची गरज उरली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "शिळं आहे. सहा दिवसांचं. आणि माझ्या हातचं आहे."

तिने बोटांनी घास कुस्करला.

"आ कर गं, अनू."