दुमजली पलंगाला भाऊ झाला

मित्रांनो, मी एक जुना दुमजली पलंग आहे, आणि मला भाऊ झाला आहे! ही बातमी कळल्यापासून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले आहे. घरातली दोन्ही पोरे आल्यापासून जमिनीवर पाय ठेवायला तयार नाहीत. वरून खाली उडी, खालून वर चढाई, मधेच शिडीवरून घसरगुंडी. माझ्या खुंट्या कुरकुरत आहेत, पण आज मी कोणाला रागावणार नाही. पलंगाला भाऊ कसा होईल, असे तुम्ही विचाराल. सांगतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण या आनंदाआधी माझे दोन तुकडे व्हायची वेळ आली होती.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. दुकान त्याचे आणि त्याच्या बायकोचे, दोघांचे मिळून होते. तो लाकूडकाम करायचा, ती गाद्या आणि उशा शिवायची. एकाच खोलीत एका बाजूला भुसा, दुसऱ्या बाजूला कापूस, आणि मधोमध वादावादी. याचा भुसा तिच्या कापसात आणि तिचा कापूस याच्या ओल्या पॉलिशवर! गिऱ्हाइकांना त्या भांडणाची इतकी सवय झाली होती की एखाद्या दिवशी दुकान शांत दिसले तर आत कोणी आजारी आहे का, अशी चौकशी करायचे.

एका गोष्टीवर मात्र दोघांचे एकमत होते. जे जोडायचे, ते पुन्हा सोडवताही आले पाहिजे. तो सरस लावत नसे, खिळा मारत नसे. लाकडाच्या खाचेत लाकूड बसवायचे आणि वर लाकडाचीच खुंटी ठोकायची. तीही गादीचा शेवटचा टाका असा घालायची की एक दोरा ओढला की अख्खे कापड हातात. घर बदलले, जिना अरुंद निघाला, मुले मोठी झाली, तरी वस्तू फोडावी लागता कामा नये, हे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. मीही तसाच. चार खुंट्या काढल्या की माझे दोन साधे पलंग होतात. एके काळी मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

मी गिऱ्हाइकासाठी नव्हतो. मी घरचा होतो. त्यांच्या मुलीसाठी आणि मुलासाठी मला केले. मुलगी मोठी, म्हणून तिला ताई म्हणतात. मुलगा धाकटा, सगळ्यांच्या कामात नाक खुपसणारा, म्हणून त्याचे नाव लुडबुड्या. वरचा मजला ताईचा, खालचा लुडबुड्याचा. आता घरच्या कामाला चांगले लाकूड कोण वापरतो? दुकानात उरलेल्या फळ्यांतून मी उभा राहिलो. वरच्या मजल्याच्या एका फळीत, भिंतीकडच्या कडेला, एक काळी गाठ होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती गाठ वाळली, सुटली आणि थेट लुडबुड्याच्या नाकावर पडली. तिच्या जागी गोल भोक राहिले.

पोरांचा बाबा ओशाळला. त्याच्या कामात गाठ सापडत नाही, असे त्याचे नाव होते, आणि इथे घरच्याच पलंगाला भोक! पाहुणे आले की तो हळूच माझ्यापुढे उभा राहायचा. येत्या रविवारी बुजवतो, असे तो म्हणायचा. तो रविवार काही उजाडला नाही.

पोरांना मात्र घबाड मिळाले होते. ताई गादीचा कोपरा दुमडायची आणि भोकातून खाली शेंगदाणे सोडायची. लुडबुड्या तोंड उघडून झेलायचा. खालून वर रंगीत खडू जायचे, वरून खाली गणिताची उत्तरे यायची. भांडण झाले की लुडबुड्या खालून फुंकर मारायचा, आणि समेट झाला की ताई एक बोट खाली सोडायची. ते बोट धरले की तो झोपायचा. मी दोघांच्या मधे असायचो. मला वाटायचे, सगळ्या पलंगांचे आयुष्य असेच असते.

पुढे दुकानातले भांडण घरी येऊ लागले. नंतर तेही थांबले. मित्रांनो, ते थांबले तेव्हा मी जास्त घाबरलो. आई आणि बाबा एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलू लागले. मग एक दिवस दोघांनी पोरांना माझ्यावर बसवले आणि आम्ही वेगळे राहणार आहोत असे सांगितले.

त्यांनी ते ठरवलेही अगदी कारागिराच्या पद्धतीने. फोडाफोड नको, शांतपणे खुंट्या काढू. शिलाई मशीन आईचे, लग्नाआधीपासूनचे. हत्यारे बाबाची. दुकान दोघांचे, तर मधे लाकडी भिंत घालू. घर भाड्याचे, त्यात आई राहील, बाबा दुकानाच्या माळ्यावर जाईल. इथवर सगळे सुरळीत चालले होते. मग ताई बाबाकडे आणि लुडबुड्या आईकडे, असे ठरले. कायद्यात सगळे निम्मे निम्मे होते, अशी दोघांची समजूत. पलंग तर काय, सुटा होतोच. बाबाने हे म्हणताना माझ्या खांबावर थाप मारली.

दोघांची संमती आहे म्हटल्यावर कोर्टात नुसत्या सह्या करून घरी यायचे, असे त्यांना वाटले होते. घरी आली ती आई एकटी, बाबा परस्पर दुकानाच्या माळ्यावर राहायला गेला होता, आणि माझ्यावरची चादर झटकताना ती बहिणीशी फोनवर बोलत होती. मी कान टवकारले. न्यायाधीशांनी घराचे आणि दुकानाचे ठरलेले वाचून मान हलवली होती, पण मुलांचे वाचल्यावर चष्मा काढून ठेवला. तुम्ही दोघे राजी असाल, पण मुले ही काही तुमच्या सामानात येत नाहीत, त्यांचे भले कशात आहे ते मलाच बघावे लागेल, असे ते म्हणाले. आणि कोर्टाकडून एक समुपदेशक बाई घरी येऊन मुलांना भेटतील, असे त्यांनी सांगितले.

बाई येणार म्हणून पोरांनी घर डोक्यावर घेतले. माझ्यावरच कोर्ट भरले. वर ताई न्यायाधीश, खाली लुडबुड्या आरोपी. लाटणे आपटून ताई त्याला रोज वेगळी शिक्षा सुनावायची. मी एकाच वेळी न्यायासन आणि तुरुंग झालो होतो, आणि दोन्ही कामे मन लावून केली.

बाई आल्या. अंगाने भरलेल्या, पर्स कडेवर घेतल्यासारखी धरलेली. आल्या आल्या खालच्या मजल्यावर बसायला गेल्या आणि त्यांचे डोके माझ्या फळीवर आपटले. लुडबुड्या फिसकन हसला. बाईही हसल्या, आणि आईला म्हणाल्या की आम्ही तिघेच जरा बोलतो. आई बाहेर गेली.

"आम्ही आरोपी आहोत का?" लुडबुड्याने पहिला प्रश्न टाकला.

"नाही रे," बाई डोके चोळत म्हणाल्या. "यात कोणीच आरोपी नाही. तुमचे आईबाबासुद्धा नाहीत."

मग जे प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. शाळा बदलावी लागेल का? शक्यतो नाही, न्यायाधीश तेही बघतात. वह्या-पुस्तके कोण घेणार? मुलांचा खर्च दोघांनी आपापल्या मिळकतीप्रमाणे उचलायचा असतो. एकदा ठरले की कायमचे ठरले का? नाही, पुढे काही बदलले तर पुन्हा कोर्टाला विचारता येते. आणि पलंग कोणाचा? मी श्वास रोखला. बाई म्हणाल्या की मुलांच्या वस्तू मुलांबरोबर जाव्यात, हे बरे. मला वाटले, या बाईंना मी आयुष्यभर विनामूल्य झोपू देईन.

मग ताईने विचारले, "आई पाहिजे की बाबा, असं विचारलं तर मी काय सांगू?"

"तसं तुला कोणी विचारणार नाही. न्यायाधीशांनी बोलावलं, तर तुला कसं वाटतं तेवढं सांगायचं. ठरवायचं काम मोठ्यांचं. ते तू डोक्यावर घेऊ नकोस."

"आणि काडीमोड झाल्यावर बाबा आमचा बाबा राहतो का?" लुडबुड्या म्हणाला.

"नवरा-बायको वेगळे होतात," बाई म्हणाल्या. "आईबाबा नाही होत. कोर्टात तशी सोयच नाही."

लुडबुड्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने लगेच बाईंना आमचे भोक दाखवायचे ठरवले. ताई वर गेली. गादीचा कोपरा दुमडला गेला, एक शेंगदाणा खाली आला, तो बाईंच्या पदरात पडला. मग एक बोट खाली आले आणि लुडबुड्याने ते धरून दाखवले.

"आणि पलंग सुटा केल्यावर?" बाईंनी विचारले.

वरून ताईचा आवाज आला. "मग भोकातून नुसती जमीन दिसेल."

बाईंनी तो शेंगदाणा खाल्ला नाही. रुमालात बांधून घेतला आणि निघाल्या. जाताना त्यांनी आईला एवढेच सांगितले, की पुढच्या तारखेपर्यंत काही हलवू नका, आणि दोघे मिळून एकदा हा पलंग नीट बघा.

पण कारागिराला धीर नसतो. बाबाला निरोप पोचायच्या आतच तो रविवारी आला, हातात लाकडी हातोडी घेऊन. माळ्यावर जागा करून ठेवली होती त्याने. आई स्वयंपाकघरात होती. बाबाने पहिली खुंटी काढली. मित्रांनो, इतकी वर्षे घट्ट बसलेली खुंटी निघाली की कसे वाटते, ते मी सांगू शकणार नाही. दुसरी निघाली. तिसरी निघाली. लुडबुड्या माझा पाय धरून उभा होता आणि ताई वर बसली होती, खाली उतरायला तयार नव्हती.

चौथ्या खुंटीआधी बाबाने खिशातून लाकडाचा एक गोल तुकडा काढला. ते भोक बुजवण्यासाठी त्याने तो मापाने घडवून आणला होता. लेकीचा पलंग नव्या जागी जाणार, तर आता तरी त्यात खोट नको. तुकडा बसवण्याआधी त्याने सवयीने भोकात बोट घातले आणि कडेने फिरवले. त्याचा हात थांबला.

गाठ पडलेल्या भोकाची कड खरखरीत असते. तिथे त्याने कधी पॉलिश पेपर फिरवला नव्हता. माझी कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

"हे कोणी घासलं?" त्याने विचारले.

"आम्ही," लुडबुड्या म्हणाला. "घासलं नाही. बोट धरतो ना, त्यानं झालं."

बाबा माझ्या खालच्या गादीवर बसला. डोके आपटले, त्याचेही त्याला भान नव्हते. मग त्याने आईला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली, आणि काही न विचारता तिनेही भोकात बोट फिरवले. दोघे एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते पाहुण्यांसारखे दिसत नव्हते.

"आपण चुकलो," बाबा म्हणाला. "हे सुटं होणारं नाही."

"मग ठोक त्या खुंट्या," आई म्हणाली. "बसलास काय."

त्याने ठोकल्या. एक, दोन, तीन! प्रत्येक ठोक्याला ताई वरून टाळी वाजवत होती आणि मी नव्याने उभा राहत होतो.

मला वाटले, आता बाबा घरी परत येणार. मी पलंग आहे, मला जोडण्यापलीकडे काय सुचणार? तो परत आला नाही. काडीमोड झाला. पण कोर्टात दोघांनी नवे कबूल केले, आणि बाईंनीही तेच सुचवले होते. दोन्ही मुले एकत्र राहतील. शाळेच्या दिवसांत आईकडे, शनिवार-रविवारी आणि निम्म्या सुट्टीत बाबाकडे. या वेळी न्यायाधीशांनी चष्मा काढला नाही.

आणि आता ती बातमी! शनिवारी पोरे माळ्यावर गेली, तर तिथे माझा भाऊ उभा होता. नवाकोरा, दुमजली, खुंट्यांचा. उरलेल्या फळ्यांचा नाही हो, दुकानातल्या सगळ्यात चांगल्या लाकडाचा, त्यात औषधालाही गाठ नाही. तो पुरा झाल्यावर बाबाने गिरमिट उचलले आणि वरच्या फळीत, भिंतीकडच्या कडेला, आरपार भोक पाडले. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने कपाळाला हात लावला. बाबा अर्धा दिवस त्या भोकाची कड घासत बसला होता, असे लुडबुड्या सांगत होता. आणि गाद्या? त्या दुकानातल्या लाकडी भिंतीपलीकडून, आईच्या बाजूने आल्या. वरच्या गादीचा एक कोपरा आईने आधीच गोल कापून, टाके घालून पाठवला होता, दुमडावा लागू नये म्हणून.

मित्रांनो, आम्हा लाकडी वस्तूंना जपा. खुंट्या सैल झाल्या तर ठोका, ओलीपासून दूर ठेवा, आमच्यावर उड्या मारा पण जरा बेताने. आणि तुमच्या घरात कधी काही सुटे करायची वेळ आलीच, तर हातोडी उचलण्याआधी सगळीकडे एकदा बोट फिरवून बघा.

शनिवारी मी रिकामा असतो. आधी मला त्या दिवशी करमत नसे. आता मी स्वस्थ उभा राहतो, कारण तिकडे माझ्या भावाच्या भोकातून एक बोट खाली आलेले असते आणि कोणीतरी ते धरलेले असते.