सहाणेवरची मुलाखत

पोलादपूरच्या वर, आमच्या वाडीत मोबाइलला रेंज येते ती फक्त देवळापुढच्या सहाणेवर. पालखी टेकवायचा तो दगडी चौथरा. पुरुष त्यावर दिवसभर रील बघत लोळतात, ते देवाला चालतं.

सॉफ्टवेअर कंपनीची शेवटची मुलाखत आज सकाळी अकराला ऑनलाइन होती आणि माझ्या पाळीचा दुसरा दिवस. कालपासून मी पडवीत वेगळी बसलेली, म्हणजे वाडीभर माहीत. तरी लॅपटॉप घेतला आणि सहाणेवर चढले.

मुलाखत घेणाऱ्या पुण्याच्या मॅडमनी कोड लिहायला दिला. निम्मा झाला असेल, तेवढ्यात खालून वाडीचे म्होरके येसाजीआबा कडाडले, "श्रुतिका! अडचण हाय ना गो तुला? उतर खाली!"

देवळातली माणसं बाहेर आली. मी टाइप करायची थांबले. कानशिलं तापली, लाजेनं की रागानं, कोण जाणे. आबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मॅडमनी सगळं ऐकलं होतं. स्क्रीनमधून त्यांनी काळजीनं विचारलं, "श्रुतिका, काही अडचण आहे का?"

मी आबांच्या डोळ्यांत बघितलं.

"अडचण हाय, मॅडम," मी म्हटलं, "पण ती माझी नाय."

आणि कोडची पुढची ओळ लिहायला घेतली.