भुंडीचं कोकरू

सिद्धम्माने पांढऱ्या मेंढ्याच्या पोटाखाली हात घालून फडक्याची गाठ सोडली, तोवर पेशकारांची घोडी बाभळींच्या पलीकडे दिसू लागली होती. फडकं तिने घडी करून कमरेला खोचलं. मेंढ्याने अंग झाडलं आणि सवयीने तिचा पदर हुंगला. पदरात ज्वारी असायची.

"आता न्हाई रे बाबा," ती म्हणाली. "तुझं मालक आलं बघ."

मेंढा जहागिरीचा होता. उदगीरपासून कोसभरावरचं हे गाव आणि भोवतालची सगळी गायरानं हैदराबादेत राहणाऱ्या जहागीरदारांची. इथल्या मेंढ्यांची काळी, राठ लोकर त्यांच्या डोळ्यांत सलत होती. त्यांनी परमुलखातून मऊ, पांढऱ्या लोकरीचा मेंढा आणवला आणि धनगरवाड्यातल्या सर्वांत मोठ्या कळपात, म्हणजे सिद्धम्माच्या कळपात, सोडायला लावला. हुकूम असा की काळं कोकरू धनगराचं, पांढरं जहागिरीचं. ऐकायला किती सरळ! पण पांढरी मेंढी पुढे व्यायची, तिची पिल्लंही जहागिरीचीच व्हायची. राखायची सिद्धम्माने, चारायची सिद्धम्माने, लांडग्याच्या तोंडातून सोडवायची सिद्धम्माने. हुकूम आला त्याच दिवशी ती सुनेला म्हणाली होती, "शिवकन्या, थोड्या वर्षांनी आपुन आपल्याच कळपामागं चाकर हू."

नवरा गेल्यावर तिने हा कळप एकटीने उभा केला होता. चाकर व्हायला नव्हे.

नको त्या मोसमात कोकरं होऊ नयेत म्हणून मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधायची रीत या वाड्यात जुनीच. फडकं लोंबत असलं की मेंढा मेंढ्यांच्या मागे हिंडतो खरा, पण त्याचं काही चालत नाही. आखाडाच्या तोंडाला सिद्धम्माने आपल्या काळ्या मेंढ्याचं फडकं सोडलं. पाहुण्याचं सोडलं नाही, एवढंच. जहागिरीचा कारभार बघणारे पेशकार तपासणीला यायचे तेव्हा तेवढ्यापुरती गाठ सुटायची. घोडीवर बसून येणारा माणूस मेंढ्याच्या पोटाखाली कशाला वाकून बघतोय! कार्तिकात मेंढ्या व्याल्या. एकजात काळी कोकरं. सारा वाडा गालातल्या गालात हसत होता.

आणि मग परवा भुंडी व्याली, ती पांढरं कोकरू घेऊन.

भुंडी ही बिनशिंगांची मेंढी, सिद्धम्माच्या माहेरच्या वाणाची. भुंडीच्या आजीलाही एकदा असंच पांढरं झालं होतं; काळ्या वाणात कधीमधी होतं तसं. पण हे पेशकारांना कोण सांगणार? शिवकन्येने कोकरू डालग्याखाली झाकलं होतं. ते आतून ओरडत होतं आणि भुंडी बाहेरून.

शिवप्पा, सिद्धम्माचा धाकटा दीर, डालग्यापाशी उकिडवा बसला होता.

"वैनी, किती झाकशील? देऊन टाक. एकच तर हाय."

"ते आपलं हाय."

"मला ठावं हाय. समद्या वाड्याला ठावं हाय. पर आपलं म्हनायचं तर फडक्याचं सांगावं लागंल. मंग चराई बंद. एका कोकरापायी कळप उपाशी मारती का?"

शिवप्पाचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच सिद्धम्माला त्याचा भयंकर राग आला.  तिने स्वतःच डालगं उचललं. कोकरू लटपटत भुंडीच्या कासेला जाऊन भिडलं.

श्रीपादराव पेशकार घोडीवरून उतरले. माणूस तसा वाईट नव्हता. नांदेडकडचे, शिकलेले, नेमस्त. सबंध मोसमात एकही पांढरं कोकरू नाही, हे हैदराबादेला कोणत्या तोंडाने कळवावं या घोरात ते वाळले होते. भुंडीकडे नजर जाताच त्यांचा चेहरा असा उजळला की शिवकन्येला हसू आवरेना.

"झालं! अखेर झालं!" त्यांनी कोकरू उचलून छातीशी धरलं. वाडा गोळा झाला होता, त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. "बघा रे. तुमच्या या काळ्या घाणीतून आमच्या मेंढ्यानं काय काढलं बघा! याला म्हणतात वाण. सिद्धम्मा, अशीच मेहनत ठेव. पुढच्या साली सगळा कळप असा करून टाकू."

त्यांच्या शिपायाने कमरेची कातर काढली. जहागिरीची खूण म्हणून कोकराचा कान त्रिकोणी कापायचा होता. शिवप्पाने वहिनीकडे पाहून हळूच हात जोडले.

सिद्धम्मा जागची हलली नव्हती. कोकरू गेलं असतं तर तिने सोसलं असतं, मनाशी तिचं तसं ठरलंही होतं. पण काळी घाण? तिच्या बापाने लग्नात आंदण दिलेल्या मेंढ्या, आठवड्याचा पाऊस अंगावर झेलून उभ्या राहणाऱ्या. तिचं बाळंतपण याच लोकरीच्या घोंगडीवर झालं होतं आणि नवऱ्याला याच घोंगडीत गुंडाळून नेलं होतं.

"कातर ठिव," ती शिपायाला म्हणाली.

"काय झालं?" श्रीपादराव म्हणाले.

"ते भुंडीचं हाय मालक, आन् माज्या काळ्या मेंढ्याचं. तुमच्या मेंढ्यानं एकाबी मेंढीला हात लावला न्हाई. मी लावू दिला न्हाई."

तिने कमरेचं फडकं काढून त्यांच्यापुढे धरलं. श्रीपादरावांना काही उमगेना. मग शिवकन्येने पांढऱ्या मेंढ्याला शिंगाला धरून आडवं पाडलं, तेव्हा त्याच्या पोटाला फडक्याने घासून पडलेला टकला पट्टा सगळ्यांनी पाहिला. कुणीतरी खदखदून हसलं. मग सगळेच हसले. शिवप्पाने तेवढी मान खाली घातली.

श्रीपादरावांचे कान लाल झाले. त्यांनी कोकरू खाली ठेवलं.

"उद्यापासून तुझ्या कळपाचं एक खूर जहागिरीच्या जमिनीवर दिसता कामा नये. समजलं?"

"उद्या कशाला?" सिद्धम्मा म्हणाली. "आजच जाते की."

तिने कोकरू घोंगडीच्या खोळीत घालून पाठीशी टाकलं. शिवकन्येने भांडी आपल्या तट्टावर लादली. दिवाळीनंतर रानोमाळ हिंडणाऱ्या माणसांच्या घरात असतंच काय!  पुढचं गवत कुठे, पाणी कुठे, कोण उभं करील, यातलं सिद्धम्माला काहीएक ठाऊक नव्हतं. तरी तिने जिभेने टकटक करून हाळी दिली आणि कळप उठला.

कळप गावाबाहेर पडला तेव्हा मागून शिपायाचा ओरडा आला. पांढरा मेंढा काळ्या पाठींच्या मधोमध चालला होता. शिपायाने धावत जाऊन त्याची शिंगं धरली. मेंढ्याने त्याला चिखलात बसवलं आणि तो पुन्हा कळपात घुसला.

"अगं, आमचा मेंढा!" श्रीपादराव घोडी दामटत आले. "सिद्धम्मा, थांबव त्याला!"

ती चालतच होती.

"कुनाचा म्हनलात, मालक?"

"जहागिरीचा! आमचा!"

"मंग हाक मारा की."

 श्रीपादरावांनी खरोखरच हाक मारली. आधी "ए," मग "ये, ये," मग शिपायाकडे बघत बघत "च्च च्च." मेंढ्याने मान वळवली नाही. पुढे जहागिरीच्या हद्दीचा ओढा होता. सिद्धम्माने लुगड्याचा काचा वर खोचला आणि पाण्यात पाय घातला. तिच्यामागे काळ्या मेंढ्या उतरल्या, पांढरा उतरला, आणि सगळ्यांच्या मागून, आपल्या मेंढरांना हाकत, शिवप्पा.

श्रीपादरावांच्या घोडीला पाणी आवडत नसे. ते काठावर उतरले आणि खाली बसून बुटांचे बंद सोडू लागले.