सात कोसांचा सांगावा

त्या बुधवारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये पेढ्यांचा पुडा उघडला गेला, आणि नेमका त्याच दिवशी सगळ्या प्राध्यापकांना उपवास निघाला.

१९७६ सालचा एप्रिल संपत आला होता. इंग्रजी शिकवणाऱ्या सत्यशीला बोर्डे यांना नायजेरियातल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं. जानेवारीत मुंबईला मुलाखत झाली, आता तीन वर्षांच्या नेमणुकीचा कागद हातात पडला. बाईंनी भोकरदनच्या पेठेतून पेढे आणले आणि पुडा टेबलाच्या मधोमध ठेवला.

"अभिनंदन, अभिनंदन!" इतिहासाचे बद्रीनाथ सर म्हणाले. दर चौदा एप्रिलला समतेवर त्यांचं भाषण असे, आणि ते खरोखर चांगलं होत असे. "पण आमचा आज बुधवार."

"बुधवारचा कसला उपवास, सर?"

"घरी सुरू केलाय हल्ली."

गणिताच्या सरांचं पोट बिघडलेलं होतं. मराठीच्या सरांनी पेढा कागदात बांधून घेतला, पोरांसाठी नेतो म्हणाले. तो कागद संध्याकाळी शिपायाला खिडकीत सापडला, मुंग्यांसकट. इतकी धार्मिक स्टाफरूम जालन्यापासून भोकरदनपर्यंत दुसरी नसावी. यांच्यातल्या कुणीही बाईंना कधी वावगा शब्द बोललेलं नव्हतं, हेही त्यांच्या जमेला धरलं पाहिजे. चार वर्षांत भोकरदनात बाईंना खोली मिळाली नव्हती, तेव्हा प्रत्येकानं मनापासून हळहळ व्यक्त केली होती. खोली मात्र कुणाच्याच ओळखीत नव्हती. म्हणून बाई रोज आपल्या गावाहून एसटीनं येत आणि एसटीनं जात.

नेमणुकीला एक अट होती. नोकरीत असणाऱ्यानं संस्थेचं ना-हरकत पत्र मेअखेरपर्यंत पाठवायचं. ते मिळालं तर तीन वर्षांची बिनपगारी रजा, आणि परत आल्यावर हीच जागा. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. गाव तेच, बाईंचंच. फरक इतकाच की अण्णासाहेबांचं घर वेशीच्या आत आणि बोर्ड्यांचं वेशीच्या बाहेर.

"अगं, तू आमच्या गावची लेक," अण्णासाहेब म्हणाले. "तू परदेशात शिकवणार, तर नाव कोणाचं होणार? गावाचंच ना? कागद ठेवून जा. बघू."

कागद टेबलावर राहिला. एक आठवडा, दोन आठवडे. काचेच्या गोळ्याखाली, अगदी व्यवस्थित. अण्णासाहेब कुठलीच वस्तू हरवू देत नसत. तिचा उपयोग कधी होईल, हे त्यांना आधी ठाऊक नसे, एवढंच.

घरी सत्यशीलानं कोऱ्या उत्तरपत्रिकेवर मधोमध रेघ ओढली होती. एका बाजूला जाण्याची कारणं, दुसऱ्या बाजूला राहण्याची. रोज संध्याकाळी एखादी ओळ वाढे. बाप कडूबा शेजारी बसून पाही. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोणती बाजू लांब झाली ते दिसत होतं.

"इकडची बाजू कमी होऊन राह्यली, पोरी."

"राहण्याची आहे ती, बा. तुम्ही, माय, आणि माझ्या अकरा मुली."

कॉलेज सुटल्यावर अकरा जणी रिकाम्या वर्गात तिच्याकडे इंग्रजी शिकायला थांबत. बऱ्याचशा कुणब्यांच्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या.

चुलीपाशी बसलेल्या केशरबाईनं विचारलं, "थितं आपल्याला कोन वळखंल गं?"

"कुणीच नाही, माय."

"आपण कोन, कुठले, कोन्या आळीतले, बिलकुल कोन्ला ठाऊक न्हाई?"

"बिलकुल नाही."

"मंग जा," केशरबाई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णासाहेबांचे वडील, अप्पाराव पाटील, पहाटे वारले. वय पिकलेलं होतं. दिवस उजाडला तेव्हा त्यांची जीप बदनापूरला लेकीच्या घरी बातमी सांगायला निघूनही गेली होती. भोकरदनहून तारा सुटायच्या होत्या. आणि तरीही अण्णासाहेबांचे कारभारी तातेराव आठच्या सुमाराला वेस ओलांडून बोर्ड्यांच्या दारात आले. हातात नवी काठी होती, वर घुंगरू बांधलेली.

या काठीचा अर्थ त्या आळीत पोरासोरांनाही कळत होता. पाटलांच्या घरात मयत झालं की पाहुण्यांच्या गावी सांगावा पायी न्यायचा, घराबाहेर उभं राहून हाक द्यायची, भिंतीवरून मिळेल ती भाकरी घ्यायची आणि परत फिरायचं. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बोर्ड्यांच्या घराला लागलेलं होतं. छप्पन साली बौद्ध धम्म घेतला त्या आठवड्यात कडूबानं आपली काठी चुलीत घातली होती, आणि केशरबाईनं त्याच जाळावर भाकरी भाजली होती. त्यापायी दोन वर्षं गावात कुणी त्याला कामाला बोलावलं नाही. तो सगळा काळ काढून झाला होता.

"कडूबा, म्हातारं गेलं," तातेराव म्हणाले. "बदनापूरला लेकीला सांगावा धाडायचाय."

"तुमची जीप गेली की. म्या उजाडताना पाह्यली."

"जीप गेली, पन ती रीत न्हाई ना. म्हाताऱ्याची इच्छा होती, जुन्या रीतीनं व्हावं. फकस्त एकदा."

"वीस वर्सं झाली, तातेराव. म्या ते सोडलं."

"आता जबरदस्ती कोन करून राह्यलं?" तातेराव ओट्यावर टेकले. आवाज अगदी घरच्यासारखा. "अण्णासाहेब म्हणले, विचारून पाहा, न्हाई म्हणला तर राहू दे. आन् म्हणले, बाईंचा कागद टेबलावरच हाय. आता बारा-तेरा दिवस सुतकाचे, मंग कशाची सही आन् कशाचं काय. आज मातर दौत-टाक जवळच हाय त्यांच्या."

सत्यशीला परीक्षेच्या कामाला पहिल्याच गाडीनं भोकरदनला गेली होती. तातेरावांना ते माहीत नव्हतं असं समजायचं कारण नाही.

कडूबानं फेटा बांधला.

"पोरीला सांगू नको," तो केशरबाईला म्हणाला.

"धनी, तुमचं वय काय, ऊन काय!"

"सात कोस तर हाय. एका कागदाला सात कोस लई न्हाई."

सात कोस. साठी उलटलेला माणूस, मेचं ऊन, पायात टायरच्या चपला. निम्म्या वाटेवर समोरून धुरळा उठला. बदनापूरचे पाहुणे घेऊन जीप परत येत होती. ज्या लेकीला तो बातमी सांगायला चालला होता, ती लेक जीपमध्ये पदर तोंडाला लावून बसलेली त्यानं डोळ्यांनी पाहिली. जीप थांबली नाही. कडूबा रस्त्याच्या कडेला सरला, धुरळा बसेपर्यंत थांबला, आणि पुढं चालू लागला. सांगावा माणसाला द्यायचा नसतो, घराला द्यायचा असतो. रीत तशीच आहे.

बदनापूरच्या त्या घरात फक्त लेकीची सासू, गिरिजाबाई, मागं राहिली होती. घुंगरांचा आवाज आणि हाक ऐकून म्हातारी बाहेर आली.

"अरे बाबा, आम्हाला सकाळीच कळलं! तू कशाला आलास एवढ्या उन्हाचा?"

म्हातारी दयाळू होती. तिनं मोठी भाकरी आणली, वर कांदा ठेवला आणि भिंतीच्या कडेला ठेवून मागं सरली. मग तांब्या उंच धरून त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, पोटभर. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तांब्या काही खाली आला नाही.

दुपारी तीनला तातेराव भोकरदनला सामान न्यायला आले, तेव्हा त्यांनी कॉलेजात जाऊन सत्यशीलाच्या हातात पाकीट ठेवलं.

"घ्या बाई. घरात मयत, आन् तशात साहेबांनी सही केली. देवमाणूस."

तिनं कागद उघडला. शिक्का, तारीख, सही, सगळं बरोबर होतं.

"आजच का केली?"

"मन मोठं हाय त्यांचं."

"तातेराव, माझ्या वडिलांनी काय केलं?"

तातेराव हसले. "रीत केली. दुसरं काय?"

पाटलांची लेक बदनापूरला दिलेली, हे तिला ठाऊक होतं. बदनापूरची गाडी दोन तास घेते. ती पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. कडूबा त्या घराच्या भिंतीशी बसला होता. दोन्ही तळवे फुटले होते, म्हणून उठता येत नव्हतं. काठी मांडीवर आडवी होती. लेकीला पाहून तो घाबरला, चोरी सापडल्यासारखा. मग त्यानं पहिला प्रश्न विचारला:

"सही झाली का, पोरी?"

ती "हो" म्हणाली. त्याचा चेहरा उजळला. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं. शेवटच्या गाडीनं ती त्याला घरी घेऊन आली. केशरबाईनं काठी उचलली, घुंगरू तोडून उकिरड्यावर फेकलं आणि काठी गुडघ्यावर मोडली.

"पायाला शेकायला पाणी तापवायचंय," ती म्हणाली, आणि दोन्ही तुकडे चुलीत सारले.

सत्यशीलानं रेघ ओढलेला कागद काढला. आजची ओळ कोणत्या बाजूला लिहायची? गेली तर अण्णासाहेबांचा सौदा पुरा झाला, राहिली तर बापाचे सात कोस मातीत. हुशार माणसाचा डाव हा असा असतो, कसंही उलटा, तोच वर.

पण त्यात एक गोष्ट धरायची राहिली होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात शोकसभा झाली. अप्पारावांच्या फोटोला हार होता. बद्रीनाथ सर कैलासवासींच्या उदार मनावर वीस मिनिटं बोलले. आदल्या दिवशी सगळी स्टाफरूम तेराव्याला जेवून आली होती, त्या दिवशी कुणाचाच उपवास नव्हता. शेवटी प्राचार्यांनी गावच्या कन्या म्हणून बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

ती उभी राहिली.

"अप्पाराव गेल्याची बातमी बदनापूरला जीपनं सकाळीच पोचली होती. तीच बातमी घेऊन माझे वडील सात कोस पायी गेले. त्यांनी हे काम वीस वर्षांपूर्वी टाकलं होतं. ते परत केलं, या कागदासाठी." तिनं ना-हरकत पत्र अण्णासाहेबांसमोर ठेवलं. "यात लिहिलंय, माझ्या जाण्याला संस्थेची हरकत नाही. या कागदाला माझी हरकत आहे. हा परत घ्या, आणि सोबत माझा राजीनामा. आता मला कुणाच्याच परवानगीची गरज नाही."

अण्णासाहेबांनी दोन्ही कागद शांतपणे घडी करून खिशात घातले. मग शिपायानं चहा आणला आणि सगळ्यांनी घेतला.

घरी कडूबाला हे कळलं, तेव्हा तो प्रथमच लेकीवर चिडला.

"मंग म्या गेल्तो ते वाया गेलं?"

"हो, बा. वायाच जायला पाहिजे. तुमच्या चालण्यानं माझं काम झालं असं ठरलं, तर उद्या दुसऱ्याच्या बापाला काठी देतील. काम झालं नाही हे गावाला दिसू द्या."

कडूबा तोंड फिरवून बसला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बराबर हाय. पन पाय लई दुखले गं."

तिनं विद्यापीठाला लिहिलं की नोकरी सोडली आहे, म्हणून हरकत घेणारं कुणी उरलेलं नाही. उत्तर ऑगस्टमध्ये आलं, अतिशय सभ्य इंग्रजीत. आवश्यक प्रमाणपत्र मुदतीत न मिळाल्यानं जागा दुसऱ्याला दिली होती. ते पत्र तिनं आईबापांना मराठीत वाचून दाखवलं, एक शब्दही न गाळता. इकडची नोकरी गेली होती, तिकडचीही गेली. रेघेच्या दोन्ही बाजू पुसल्या गेल्या.

ती घरीच शिकवू लागली. अकरा मुलींपैकी दहा जणींना त्या आळीत जायची घरून मनाई झाली. बेबीनंदा एकटी येई, गावच्या कुणब्याची मुलगी. पहिल्या दिवशी तिनं केशरबाईच्या माठातून स्वतः पाणी घेतलं.

"घरी सांगू नको हां, बाय," केशरबाई म्हणाली.

"सांगितलंय," बेबीनंदा म्हणाली. "दोन थोबाडीत बसल्या. आता धडा सुरू करा."

पेढा खिडकीत ठेवणारे सर पुढं विभागप्रमुख झाले. बद्रीनाथ सरांचं चौदा एप्रिलचं भाषण अजूनही चांगलं होतं. वाचणाऱ्यानं आपण त्या स्टाफरूममध्ये कोणत्या खुर्चीवर बसलो असतो, ते आपलं आपण पाहावं.

कार्तिकात अण्णासाहेबांची चुलती वारली. तिचं माहेरही बदनापूरचं. आठ वाजता तातेराव वेशीबाहेर आले. आळीच्या तोंडाशी उभे राहिले. हात रिकामे होते. त्यांनी बोर्ड्यांच्या दाराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. ओट्यावर कडूबा बसला होता, शेजारी बेबीनंदा मोठ्यानं इंग्रजी धडा वाचत होती. तातेरावांनी खाकरून घसा साफ केला, टोपी सारखी केली, आणि काही न बोलता ते एसटीच्या थांब्याकडे वळले.

"तातेराव!" कडूबानं मागून हाक दिली. आवाज सांगाव्याचाच होता, चार शेतं पलीकडे जाणारा. "बदनापूरची गाडी साडेआठला हाय. जल्दी चला, न्हाई तर पायी जावं लागंल!"