लख्ख गव्हाणीचा संताप

मित्रांनो, मी एक जुनी सिमेंटची गव्हाण आहे आणि मी भयंकर चिडलेली आहे. गोड गोड गोष्ट ऐकायची असेल, तर दुसरीकडे जा.

गवंड्याने मला गोठ्याच्या भिंतीलगत बांधलं, तेव्हा माझा काठ चांगलाच खरखरीत होता. गाईंच्या जिभा आणि माना घासून तो गुळगुळीत झाला. कोण भुकेली आहे आणि कोण नुसतंच चघळतेय, हे मला जीभ लागताच कळतं. पण मला विचारतो कोण?

माझ्यापुढे ठिपकी नावाची गाय बांधलेली असायची. ती गाभण असताना मालकांनी तिचे नको तेवढे लाड केले. दूध आटवलेलं, काम काही नाही आणि पेंडीची घमेल्यावर घमेली! "दोन जिवांची आहे, खाऊ दे की," म्हणत ते ओतत राहिले. ठिपकीच्या फासळ्या कुठे आहेत तेच दिसेना, आणि मालक कौतुकाने तिची पाठ थोपटत होते.

मग ती व्याली. वासरू गोजिरवाणं होतं, दूधही भरपूर येऊ लागलं. पण ठिपकी माझ्यात तोंड घालायची, हुंगायची आणि मान वळवायची. ताज्या व्यालेल्या गाईची भूक कमी असते आणि दूध मात्र जास्त द्यायचं असतं. म्हणून ती अंगावरची चरबी वितळवते. त्या चरबीची आम्लं रक्तात उतरतात. काही दुधात जातात, काही यकृत जाळतं. पण चरबीचे थर चढलेल्या गाईचं यकृत जाळून जाळून किती जाळणार? उरलेली चरबी तिथेच साचते आणि गाईची होती नव्हती ती भूकही मरते.

हे सगळं माझ्यात दिसत होतं हो! चारा तसाच पडलेला असायचा. पण मालकीणबाईंना स्वच्छतेचं भारी वेड. सकाळी त्या खराटा घेऊन यायच्या, ठिपकीचं उष्टं पलीकडच्या कालवडींपुढे लोटायच्या आणि मला लख्ख करायच्या. मागून मालक यायचे.

"वा! चाटूनपुसून खाल्लंय हिनं."

चाटूनपुसून! मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती.

एकदा तर डेअरीतून ते नाचतच आले. "अगं, ऐकलंस का? ठिपकीच्या दुधाला सगळ्यांत जास्त फॅट लागली!"

"मग? गोठा एवढा लख्ख ठेवतं कोण?" मालकीणबाई हसल्या.

अरे, ती फॅट माझ्यातल्या पेंडीची नव्हती! ठिपकी स्वतःलाच वितळवून तुमच्या कॅनमध्ये ओतत होती. फॅट आणखी वाढावी म्हणून मालकांनी चाऱ्यावर खायचं तेल ओतलं. तेलाने माखलेला चारा गाईच्या पोटात नीट पचत नाही. ठिपकीने तो चाखलाही नाही. सकाळी मालकीणबाईंनी तोही खरवडून काढला आणि मला साबण लावून धुतलं.

शेवटी ठिपकी बसली ती उठेचना. डॉक्टर आले. तिच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता, अर्धवट जळलेल्या चरबीचा.

"खात होती का?" त्यांनी विचारलं.

"उत्तम! गव्हाणीत एक काडी उरत नव्हती," मालक म्हणाले.

मालकीणबाई पुढे झाल्या. "अहो, उरत होतं. मी कालवडींना घालत होते."

"मग सांगायचंस की!"

"तुम्ही विचारलंत कधी?"

डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी चढवलं, औषध पाजलं. पण फार उशीर झाला होता. ठिपकीने माझ्या काठावर मान टाकली आणि ती गेली. वासरू हंबरत राहिलं. मी सिमेंटची, तरी मला ते ऐकवेना.

आता माझ्यापुढे दुसरी गाय आहे. ती कालच व्याली. आज सकाळी मालकीणबाईंनी खराटा बाजूला ठेवला, वाकून माझ्यात पाहिलं आणि हाताने चारा चाचपला.

"अहो, इकडे या. हिनं निम्मं टाकलंय!"

मालक धावत आले. उष्टं पाहून त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला.

मित्रांनो, गाय व्याली की फॅटचा आकडा नंतर बघा, आधी गव्हाणीत बघा. आणि झाडायच्या आधी बघा. मालकीणबाईंना आज वाकून बघायला कितीसा वेळ लागला? एवढ्यासाठी माझी ठिपकी जायला हवी होती का?